मॉद्यॉर की हंगेरियन? कागदपत्रे भाषांतराला देण्याआधी एवढे वाचा

हंगेरी सरकारच्या ‘स्टायपेंडियम हंगारिकम’ शिष्यवृत्तीवर आपल्याकडची मुले बुडापेस्ट, देब्रेत्सेन, सेगेद, पेच इथल्या विद्यापीठांत शिकायला जातात. तिथून मिळालेले दाखले, करार, गुणपत्रिका भाषांतरासाठी आमच्याकडे येतात आणि त्यांवर एक शब्द हमखास असतो: मॉद्यॉर. त्याचे भाषांतर आम्ही कधी ‘हंगेरियन’ करतो, तर कधी तो शब्द आहे तसाच ठेवतो. एकाच कागदावर दोन वेगळे शब्द कसे, असे ग्राहक विचारतात. म्हणून हे पत्रक.

आधी उच्चार. मराठी बातम्यांत ‘मग्यार’ किंवा ‘माग्यार’ छापून येते, पण रोमन अक्षरे पाहून केलेला तो अंदाज आहे. त्यातली ‘जी’ आणि ‘वाय’ ही अक्षरे मिळून हंगेरियन वर्णमालेतले एकच अक्षर होते आणि त्याचा उच्चार आपल्या ‘द्य’ आणि ‘ज्य’ यांच्या मधोमध येतो. दोन्ही स्वर ‘ऑ’सारखे आणि जोर पहिल्या अक्षरावर. आम्ही ‘मॉद्यॉर’ लिहितो.

हंगेरियन लोक स्वतःला, आपल्या भाषेला आणि आपल्या देशातल्या सगळ्या गोष्टींना याच शब्दाने ओळखतात. देशाचे नावही त्यातूनच आले: मॉद्यॉरोर्साग, म्हणजे मॉद्यॉरांचा देश. ‘हंगेरी’ हे नाव बाहेरच्यांनी दिलेले. ते ओनोगुर नावाच्या तुर्की टोळीसंघाच्या नावावरून आल्याचे मानतात. सुरुवातीचा ‘ह’ हूणांशी घातलेल्या सांगडीमुळे चिकटला असावा. भाषेचा मात्र तुर्कीशी सख्खा संबंध नाही. ती उरल भाषाकुळातली. फिनिश आणि एस्टोनियन तिच्या दूरच्या नातलग, तर सर्वांत जवळच्या खांती आणि मान्सी या भाषा पश्चिम सायबेरियात बोलल्या जातात.

आता मुख्य मुद्दा, कारण अर्ज अडतात ते इथेच. नागरिकत्व, वंश आणि मातृभाषा या तिन्हींसाठी हंगेरियनमध्ये ‘मॉद्यॉर’ हाच शब्द लागतो. आपल्या डोळ्यांना तिन्ही गोष्टी एकच वाटतात, पण त्या तशा नाहीत. पहिल्या महायुद्धानंतर झालेल्या 4 जून 1920 च्या त्रियानोन तहात जुन्या हंगेरी राज्याचा सुमारे दोन तृतीयांश प्रदेश शेजाऱ्यांकडे गेला आणि लाखो मॉद्यॉर जागच्या जागी परदेशी नागरिक झाले. आजही रोमानियातल्या ट्रान्सिल्व्हेनियात, दक्षिण स्लोव्हाकियात, सर्बियाच्या व्होइव्होदिनात त्यांच्या वस्त्या आहेत. असा माणूस वंशाने व भाषेने मॉद्यॉर आणि पासपोर्टने रोमानियन असू शकतो. 2011 पासून सोप्या प्रक्रियेने हंगेरीचे नागरिकत्व मिळू लागल्याने अनेकांकडे दोन्ही पासपोर्ट आहेत. उलट, 1918 आधीच्या कागदावर ‘हंगेरीचा प्रजाजन’ असलेला माणूस स्लोव्हाक, सर्ब, रोमानियन किंवा जर्मनही असेल. स्लोव्हाक भाषेत तर जुने राज्य ‘उहोर्स्को’ आणि आजचा देश ‘मॅद्यार्स्को’ अशी दोन वेगळी नावे आहेत. म्हणून आमचा नियम असा: नागरिकत्व आणि भाषेच्या रकान्यात ‘हंगेरियन’, वंशाच्या रकान्यात ‘मॉद्यॉर’.

याचे एक उदाहरण आपल्या जवळचेच आहे. मॉद्यॉरांचे मूळ आशियात शोधायला निघालेले चोमा दे कोरोश भारतात पोचले, लडाख आणि झांस्करमध्ये तिबेटी शिकले आणि 1834 मध्ये त्यांचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश कलकत्त्यात छापला गेला. 1842 मध्ये दार्जिलिंगला त्यांचे निधन झाले. त्यांची कबर तिथेच आहे. त्यांचे जन्मगाव आज रोमानियात येते, तरी त्यांना मॉद्यॉर म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

देशाच्या अधिकृत नावातही हा शब्द आहे आणि ते नाव बदलत गेले. 1949 ते 1989 या काळातल्या कागदांवर ‘हंगेरियन लोक-प्रजासत्ताक’, त्यानंतर 2011 अखेरपर्यंत ‘हंगेरियन प्रजासत्ताक’ आणि 1 जानेवारी 2012 पासून नुसते ‘हंगेरी’. जुन्या दाखल्यावर आजचे नाव घाला, असा आग्रह कृपया धरू नका. कागदावर जे आहे तेच भाषांतरात येणार.

मॉद्यॉर हे आडनावही असते. तिथले राजकारणी पेटर मॉद्यॉर बातम्यांमुळे तुम्हाला माहीत असतील. आडनावाचे भाषांतर होत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: लोकांचे आणि भाषेचे नाव हंगेरियनमध्ये लहान अक्षराने सुरू होते, आडनाव मोठ्या. वाक्याच्या मध्ये मोठे अक्षर दिसले, तर ते आडनाव किंवा संस्थेच्या नावाचा भाग असण्याची शक्यता जास्त. तिथे आडनाव आधी आणि नाव नंतर लिहितात, आपल्या जुन्या शाळेच्या दाखल्यासारखेच. संगीतकार बेला बार्तोक तिथे बार्तोक बेला असतात. तेव्हा नावांचा क्रम उलटा दिसला तर चूक समजू नका. पासपोर्टची प्रत सोबत दिलीत, तर आम्ही क्रम त्याच्याशी जुळवून घेतो.

आणखी एक विनंती. हंगेरियनमध्ये व्याकरणिक लिंग नाही, ‘तो’ आणि ‘ती’ला एकच सर्वनाम आहे. मराठीत ते चालत नाही, म्हणून कागदात उल्लेख असलेली व्यक्ती पुरुष की स्त्री हे अर्ज देतानाच सांगा.

कागद मोबाइलवर घाईने टिपून पाठवू नका, नीट स्कॅन करा. स्वरांवरच्या बारीक रेघा पुसट झाल्या की अर्थ बदलतो: ‘कोर’ म्हणजे वय आणि तोच ‘ओ’ रेघ देऊन लांबवला की ‘रोग’. वैद्यकीय दाखल्यावर ही रेघ दिसत नसेल, तर आम्ही काम सुरू करण्याआधी तुमच्याकडे मूळ प्रत मागू.