सामाजिक परवाना (खाण उद्योग)

खाणीच्या परिसरात राहणाऱ्या लोकांनी ती खाण चालू ठेवण्यास दिलेली अलिखित संमती. खाणपट्टा (खाणकामाचा कायदेशीर हक्क) शासन देते आणि तो ठरावीक मुदतीचा असतो. ही संमती गाव देते आणि ती केव्हाही काढून घेऊ शकते. कंपनीवर स्थानिकांचा विश्वास कसा बसतो व कसा उडतो, याची चर्चा खाण क्षेत्रात प्रामुख्याने या संज्ञेभोवती होते.

उगम : संज्ञेचे श्रेय बहुधा ‘प्लेसर डोम’ या कॅनेडियन कंपनीचे अधिकारी जिम कूनी यांना दिले जाते. १९९७ मध्ये जागतिक बँकेच्या एका बैठकीत त्यांनी ती वापरली. तिला पार्श्वभूमी होती फिलिपीन्समधील मारिंदुके बेटावरील दुर्घटनेची. मार्च १९९६ मध्ये तेथील मार्कॉपर तांबेखाणीच्या जुन्या खड्ड्यात साठवलेला गाळ, निचऱ्याच्या बोगद्याचे बूच निकामी झाल्याने बोआक नदीत उतरला. या खाणीत प्लेसर डोमचा सुमारे ४० टक्के वाटा होता. तथापि १९९६ मध्येच अमेरिकेतील कागद उद्योगाच्या एका नियतकालिकात हेच शब्द शीर्षकात असलेला लेख आला होता. त्यामुळे कूनी यांना संज्ञेचे जनक म्हणण्यापेक्षा खाण उद्योगात तिचा प्रसार करणारे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. सुसान जॉइस व इयन थॉमसन यांनी २००० साली लॅटिन अमेरिकेतील अनुभवांवरून तिची मांडणी केली. पुढे २०११ मध्ये थॉमसन व रॉबर्ट बुटिलिए यांनी नकार, चालवून घेणे, मान्यता आणि आपलेपणा अशा चढत्या पायऱ्या सांगितल्या. मान्यतेकडून आपलेपणाकडे नेणारा उंबरठा म्हणजे त्यांच्या मते विश्वास होय.

या मांडणीवर एक मूलभूत आक्षेप आहे : नकार देण्याचा लोकांचा हक्क ती कंपनीच्या जोखमीच्या हिशेबात बसवते. २००७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी हक्क जाहीरनाम्यात मुक्त, पूर्व व माहितीपूर्ण संमतीचे तत्त्व आहे. परवान्याच्या भाषेपेक्षा हे तत्त्व लोकांच्या बाजूने अधिक भक्कम आहे, यात शंका नाही.

विश्वासाचे घटक : किरन मॉफॅट व आयरॉंग झांग यांच्या २०१४ च्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात संपर्काचा दर्जा आणि निर्णयपद्धतीतील न्याय्यता या दोन गोष्टी विश्वासाशी ठळकपणे जोडलेल्या आढळल्या. भारतात मात्र कंपन्यांचा भर देणग्या, शाळाखोल्या आणि आरोग्य शिबिरांवर राहिला आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. या खर्चाने गावाची गरज भागते, पण ‘विहिरीचं पाणी का आटलं?’ या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

भारतीय कायदा : पर्यावरणीय मंजुरीसाठी जनसुनावणी १९९७ पासून बंधनकारक झाली. २००६ च्या अधिसूचनेनुसार राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ ती प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या लगत भरवते. किमान ३० दिवसांची सूचना आणि पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा स्थानिक भाषेतील सारांश आवश्यक असतो. गणपूर्तीची (किमान उपस्थितीची) अट नाही. सुनावणीत आक्षेप नोंदवले जातात, मतदान होत नाही. अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रात, उदा. डहाणू-जव्हारकडील दगडखाणीसाठी, गौण खनिजाचा (दगड, वाळू इ.) पट्टा देण्यापूर्वी अशा क्षेत्रांतील पंचायतींविषयीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस अनिवार्य केली आहे. नकाराचे सर्वांत ठळक उदाहरण ओडिशातील नियमगिरीचे : सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१३ च्या निकालानुसार भरवलेल्या बाराही ग्रामसभांनी बॉक्साइट खाणीला विरोध केला. प्रमुख खनिजांच्या (लोह, बॉक्साइट, कोळसा इ.) पट्टेधारकांना २०१५ पासून खाणबाधितांसाठीच्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानात स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) प्रमाणात अंशदान द्यावे लागते (१२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या पट्ट्यांसाठी ३० टक्के, लिलावातून दिलेल्यांसाठी १० टक्के).

सुरुंग आणि हादरे : रोजच्या व्यवहारात विश्वासाची कसोटी लागते ती सुरुंगांवर. हा प्रश्न मुंबईलाही नवा नाही; मुंबईचा स्वतःचा खाणीशी संबंध प्रामुख्याने दगडाचा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची इमारत कुर्ल्याच्या करड्या बेसाल्टची आणि मालाडच्या पिवळसर दगडाची आहे; अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीभोवतीचा खडकही खाणकामाने पोखरला गेला. शहर वाढत गेले तशी वस्ती खाणीच्या कडेला भिडली. हादरा जमिनीच्या कणांच्या कमाल वेगाने मोजतात. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकानुसार खाणमालकाच्या मालकीच्या नसलेल्या घरांसाठी ही मर्यादा कंपनाची वारंवारिता (सेकंदाला होणारी आंदोलने, हर्ट्झमध्ये) ८ हर्ट्झपेक्षा कमी असल्यास सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झला १० आणि त्यावर १५ मिलिमीटर आहे. मालकाच्या स्वतःच्या मर्यादित आयुष्याच्या घरांसाठी ती १०, १५ व २५ अशी सैल आहे. वरचा मातीचा थर किंवा भराव असेल तिथे वारंवारिता कमी राहते आणि असे कंपन घराला अधिक घातक असते, म्हणून त्याच दारूगोळ्याने एका घराला तडा जातो आणि शेजारचे शाबूत राहते. रहिवाशाला हे कुणी समजावून सांगितलेले नसते. त्याला दिसते ती भिंतीवरची भेग. सुरुंगकाम सुरू होण्याआधी घरोघरी जाऊन जुन्या भेगांची छायाचित्रे घेणे, भेगेवर काचेची पट्टी चिकटवणे (भेग रुंदावली की पट्टी तडकते), सुरुंगाची वेळ फलकावर लिहिणे आणि हादरे मोजणाऱ्या यंत्रावरचे आकडे त्याच दिवशी मराठीत लावणे, हे उपाय स्वस्त आणि परिणामकारक आहेत. हजार घरांना भेटवस्तू वाटण्यापेक्षा ते अधिक उपयोगी पडतात, कारण रहिवाशाला कंपनीचा शब्द स्वतः पडताळता येतो.

मुंबईतील निर्णयकेंद्र : खाणी गडचिरोली, चंद्रपूर, सिंधुदुर्ग किंवा झारखंडात, पण अनेक खाण व धातू कंपन्यांची नोंदणीकृत कार्यालये मुंबईत आहेत. वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘सेबी’ने (भांडवली बाजाराच्या नियामक संस्थेने) २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवाल सक्तीचा केला. त्यात स्थानिक समुदायाच्या तक्रारी किती आल्या आणि किती प्रलंबित आहेत हे द्यावे लागते. आकडा संपूर्ण कंपनीचा असल्याने कोणत्या खाणीवर काय चालले आहे ते त्यातून उमगत नाही.

खाण बंद होताना : कोळशासारखे अपवाद सोडता प्रमुख खनिजांच्या खाणीचा अंतिम समापन आराखडा नियोजित समापनाच्या दोन वर्षे आधी नागपूरच्या भारतीय खाण ब्युरोकडे मंजुरीसाठी द्यावा लागतो. खड्डे भरणे, ढिगाऱ्यांवर झाडे लावणे व पाण्याची व्यवस्था यांचा त्यात समावेश असतो.