साच्याशिवाय बोट: प्लायवूड, तांब्याची तार आणि इपॉक्सी

कोकणात कुठल्याही बंदरावर जाऊन बघा, लाकडी होड्या आता कमी दिसतात आणि फायबरच्या जास्त, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे फायबरची होडी साच्यातून निघते. एकदा साचा हाताशी असला की जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर) मारायचा, काचेच्या धाग्यांची मॅट टाकायची, रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव) मारायचं, परत मॅट, परत रेझिन, की झाली होडी, आणि दहावी होडी पण अगदी पहिलीसारखीच. पण ज्याला एकच बोट बनवायचीय, घरामागच्या शेडमध्ये, पंधरा-सोळा फुटी, मागे आउटबोर्ड इंजिन लावायची, त्याने साचा कुठून आणायचा? साचा करायचा म्हणजे आधी हुबेहूब त्या आकाराचा एक नमुना घडवा, त्याच्यावरून साचा काढा, आणि मग कुठे खरी बोट सुरू. एका बोटीसाठी तिप्पट काम.

घरी बोट बनवणाऱ्यांनी यावर जे उत्तर शोधलंय ते मला फार आवडतं. प्लायवूडलाच साचा करायचा आणि तो साचा बोटीतून काढायचाच नाही. प्लायला आतून बाहेरून काचेचं कापड इपॉक्सी नावाच्या रेझिनमध्ये भिजवून चिकटवायचं आणि प्लाय कायमचा मधोमध राहू द्यायचा. लोक याला "लाकडी बोट, वर फायबरचं कव्हर" म्हणतात, पण कव्हर हा शब्द इथे चुकीची कल्पना देतो, कारण लाकूड आणि काच दोघं मिळून जे करतात ते एकेकट्याला जमणारं नसतं.

ही पद्धत जगभर पोचली ती मुख्यतः इंग्लंडमधल्या मिरर नावाच्या छोट्या शिडाच्या बोटीमुळे. १९६२-६३ मध्ये डेली मिरर या पेपरने पुढाकार घेतला, आणि जॅक होल्ट हे बोटींचे डिझायनर आणि बॅरी बकनेल, जे टीव्हीवर घरगुती सुतारकाम शिकवायचे, या दोघांनी अकरा फुटांना जरा कमी अशी बोट काढली जी साधा माणूस किट आणून घरी जोडू शकेल. प्लायचे तुकडे नकाशाप्रमाणे कापायचे, कडांना बारीक भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने तुकडे एकमेकांना टाके घालून बांधायचे आणि सांध्यांवर काचेची पट्टी रेझिनने बसवायची. अशा सत्तर हजारांहून जास्त बोटी झाल्या. जुन्या पद्धतीत आधी पठाण (तळाचा कणा) पडतो, मग वांक (फासळ्या) उभे राहतात, मग त्यांच्यावर फळ्या चढतात, म्हणजे सांगाडा आधी आणि कातडी नंतर. इथे कातडीच आधी उभी राहते, आणि तिला आकार कोण देतं? तर भूमिती.

एक कागद घ्या. त्याची नळी होते, भेळेचा कोन होतो, पण तोच कागद मोसंब्यावर गुंडाळायला जा, सुरकुत्या पडल्याशिवाय बसणारच नाही. गाउसने १८२७ मध्ये हे गणिताने सिद्ध केलं: सपाट पृष्ठभाग ताणल्याशिवाय किंवा आवळल्याशिवाय गोलासारखा दोन्ही दिशांनी वक्र होत नाही. प्लायवूडचं तेच. त्याच्यात उभ्या आडव्या थरांची गाठ असते म्हणून ते ताणलं जात नाही, एका दिशेने मात्र छान वाकतं. म्हणून प्लायच्या बोटीचा प्रत्येक पत्रा, म्हणजे प्लायचा कापलेला तुकडा, हा कुठल्या तरी नळीचा नाहीतर शंकूचा तुकडा असावा लागतो, आणि डिझायनरचं खरं कौशल्य तिथेच दिसतं. आकार नीट काढला असेल तर सपाट जमिनीवर कापलेल्या, बघायला अगदी विचित्र दिसणाऱ्या कडा एकमेकांना बांधत गेलं की नाळेकडचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा भाग आपोआप वळून वर येतो, कुणी वाकवायला लागत नाही. पहिल्यांदा बघताना विश्वास बसत नाही.

प्लायचा शीट ८ बाय ४ फुटाचा आणि बोट सोळा फुटी, म्हणजे जोड आलाच. टोकाला टोक लावून नुसता गोंद घातला तर तो टिकत नाही, कारण लाकडाच्या तंतूंची तोंडं गोंद शोषून घेतात आणि चिकटायला जागा पण कमी. म्हणून दोन्ही कडा उतरत्या तासायच्या, जाडीच्या आठपट लांबीपर्यंत, म्हणजे ९ मिमी प्लायला ७२ मिमीचा उतार, आणि मग एकावर एक चिकटवायच्या. याला स्कार्फ जॉइंट म्हणतात, नीट केलेला असला की वाकवताना जोड कुठे आहे ते हाताला कळत नाही.

आता लाकूड आणि काच मिळून काय करतात ते बघू. कुठलीही पट्टी वाकवली की एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते, आणि मधल्या भागावर त्यामानाने फार कमी ताण येतो. म्हणून मजबूत माल बाहेरच्या दोन पृष्ठांवर पाहिजे आणि मध्ये काहीतरी हलकं, जे फक्त त्या दोघांना एकमेकांपासून लांब धरून ठेवेल आणि सरकू देणार नाही. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो: ६ मिमीचा ९ मिमी केला तर वजन दीडपट, पण ताठपणा जवळजवळ ३.४ पट! नुसतं फायबरग्लास पाण्याच्या दीडपटीहून जड असतं आणि ओकुमे या हलक्या लाकडाचा चांगला प्लाय पाण्याच्या साधारण निम्म्या वजनाचा, म्हणजे तेवढ्याच वजनात तिप्पट जाडी मिळते. लाट बाहेरून तळावर आदळते तेव्हा आतला पृष्ठभाग ताणला जातो, म्हणून काचेचं कापड फक्त बाहेरून लावून काम अर्धंच होतं. आतूनही पाहिजे, निदान तळाला तरी.

सांध्यांचं तर आणखी बारीक आहे. दोन पत्रे कोनात भेटतात त्या आतल्या कोपऱ्यात कापड सरळ बसवायला गेलं तर ते घडीवर उचलतं, खाली हवा राहते, शिवाय तीक्ष्ण कोपऱ्यात सगळा ताण एका रेषेत गोळा होतो. म्हणून आधी इपॉक्सीत लाकडाचा बारीक भुसा आणि सिलिका मळून पुट्टी करायची, ती कोपऱ्यात भरून गोल फिरवायची आणि त्याच्यावर पट्टी. ही पट्टी साध्या विणीची नसावी. साध्या विणीत अर्धे धागे सांध्याच्या लांबीने धावतात आणि सांधा उघडायला लागला तर ते काहीच करत नाहीत, ४५ अंशात तिरपे धागे असलेली बायअॅक्सियल पट्टी लावली तर एकेक धागा सांधा ओलांडून जातो आणि दोन्ही बाजूंना धरून ठेवतो.

आता रेझिन, आणि इथे मी जरा थांबणार आहे कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. आपल्याकडे फायबरच्या दुकानात रेझिन मागितलं की पॉलिएस्टर मिळतं, सोबत कोबाल्ट (क्रियेचा वेग वाढवणारं) आणि हार्डनर (रेझिन घट्ट करणारं). मिररच्या काळातही पॉलिएस्टरच होतं. स्वस्त आहे, साच्यातल्या होडीला उत्तम आहे, पण लाकडाला त्याची पकड बेताची, ते घट्ट होताना आकसतं आणि ठिसूळ असतं, त्यामुळे लाकूड फुगलं आकसलं की हळूहळू सुटतं. १९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये, बे सिटीत, बर्फावर चालणाऱ्या शिडाच्या गाड्या बनवणाऱ्या गूजॉन बंधूंनी लाकूड आणि इपॉक्सीची जोडी पद्धतशीर वापरात आणली आणि घरगुती बोटबांधणी बदलून गेली.

इपॉक्सी आणि पॉलिएस्टर दिसायला सारखे पण आत पूर्ण वेगळे. पॉलिएस्टरमधला हार्डनर म्हणजे पेरॉक्साइड, तो फक्त साखळी सुरू करून देतो, म्हणून गरम दिवसात थोडा कमी, थंडीत थोडा जास्त टाकता येतो. (आणि तो कोबाल्टमध्ये थेट कधीच मिसळायचा नाही, भडका उडतो, स्फोट होऊ शकतो.) इपॉक्सीत हार्डनर स्वतः त्या पदार्थाचा अर्धा भागीदार असतो, त्याचा एकेक हायड्रोजन इपॉक्सीच्या एकेका कड्याशी जोडला जातो. प्रमाण ठरलेलं, ब्रँडप्रमाणे कुठे २:१ कुठे ५:१, आणि "लवकर सेट व्हावं म्हणून जरा जास्त हार्डनर" हा फायबरवाल्यांचा हिशोब इथे चालतच नाही, जास्तीचा हार्डनर जोडीदार न मिळाल्यामुळे कायमचा तसाच पडून राहतो आणि थर मऊ, चिकट राहतो. लवकर हवं असेल तर फास्ट हार्डनर वेगळा मिळतो, तो घ्यायचा.

दुसरं म्हणजे उष्णता. ही रासायनिक क्रिया उष्णता सोडते आणि उष्णतेने क्रिया आणखी जोर धरते, ढोबळमानाने दर १० अंशाला वेग दुप्पट. खोल डब्यात अर्धा लिटर कालवून फोन घ्यायला गेलात तर परत येईपर्यंत डबा धूर सोडत असेल. म्हणून थोडंथोडं कालवायचं आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओतायचं, म्हणजे उष्णता निघून जाते.

कोकणातल्या हवेत आणखी एक भानगड होते. पावसाळी दमट हवेत हार्डनरमधले अमाइन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी मिळून वर मेणासारखा थर धरतात. त्याच्यावर पुढचा थर दिला तर तो कधीतरी साल निघाल्यासारखा सुटणार. ते नुसतं घासून काढायचं नाही, घासल्याने तो आतच पसरतो, आधी साध्या पाण्याने आणि स्क्रबरने धुवायचं, वाळवायचं आणि मगच पॉलिश पेपर. आणि लाकडाला पहिला हात संध्याकाळी द्यावा असं म्हणतात त्याला पक्कं कारण आहे: दिवस तापत जाताना लाकडातली हवा प्रसरण पावते आणि ओल्या थरातून बुडबुडे काढते, संध्याकाळी लाकूड थंड होत असतं, हवा आकसते आणि रेझिन आत ओढलं जातं.

कापड भिजतं तो क्षण मात्र बघण्यासारखा असतो. पांढरंशुभ्र कापड रेझिन लागताच गायब होतं आणि खालचं लाकूड स्वच्छ दिसतं, कारण काच आणि इपॉक्सी दोघांचा अपवर्तनांक जवळपास सारखा, १.५ च्या पुढेमागे, त्यामुळे प्रकाशाला सीमा जाणवतच नाही. याचा उपयोग असा की जिथे पांढरा ठिपका उरला तिथे रेझिन पोचलेलं नाही हे डोळ्यांनी कळतं. जास्तीचं रेझिन स्क्वीजीने (रबरी पट्टीने) ओढून काढायचं, कापडाच्या वजनाएवढं रेझिन साधारण पुरतं, त्याहून जास्तीने ताकद वाढत नाही, फक्त वजन वाढतं. साध्या चॉप्ड मॅटबद्दल एक सांगायला हवं, तिच्या धाग्यांना धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरिन या द्रवाने विरघळतो, इपॉक्सीत स्टायरिन नसतं म्हणून तीच मॅट कडक राहते आणि कोपऱ्यात बसत नाही. इपॉक्सीला विणलेलं नाहीतर शिवलेलं कापडच घ्यावं.

इतकं सगळं करून वाचवायचं काय असतं, तर लाकडाचा कोरडेपणा. लाकडात ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणारी बुरशी वाढतच नाही. म्हणून बोट सहसा मधून कुजत नाही, भोकातून कुजते. इंजिनाचे बोल्ट, कड्या, पाणी सोडायचं बूच, जिथे जिथे प्लायला छेद गेला तिथे उघड्या तंतूंमधून पाणी आत चढतं. तिथे भोक आधी मोठं पाडायचं, घट्ट इपॉक्सी पुट्टीने पूर्ण भरायचं आणि मग त्या पुट्टीतून बोल्टच्या मापाचं भोक. वेळ जातो, पण यात अजिबात टाळाटाळ करू नये. प्लाय घेताना आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघा. त्यात प्लायचा गोंद ७२ तास उकळून तपासतात, पण ती परीक्षा गोंदाची आहे, लाकूड त्याने वॉटरप्रूफ होत नाही. कडेने नीट बघायचं, मधल्या थरात पोकळी दिसली तर तो शीट परत. वरून रंग पण हवाच, कारण इपॉक्सी उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळं पडतं आणि मग पिठासारखं झडतं.

हे काम करताना ग्लव्ह्ज आणि मास्क घालाच. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा अंगात बसली की जात नाही, नंतर नुसत्या वासानेही खाज सुटते. हातावर पडलं तर थिनरने पुसू नका, साबणाने धुवा.

आता मोटरबोट म्हटल्यावर वेग आला. संथ बोट स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते, तिची लाट वेगाबरोबर लांब होत जाते आणि लाटेची लांबी बोटीएवढी झाली की पुढे चढच लागतो. विल्यम फ्रूड यांनी १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये टाकीत मॉडेल ओढून हे सगळं मोजलं. पाण्यावरची लांबी १६ फूट असेल तर ही मर्यादा ५.४ नॉट, म्हणजे ताशी १० किलोमीटर. त्याच्या पुढे जायचं तर बोटीला त्या चढावर चढून पाण्यावर घसरत जावं लागतं, आणि तिथे वाचवलेला एकेक किलो कामी येतो. तळाचा मागचा भाग, शेवटचे पाच-सहा फूट, लांबीच्या दिशेने एकदम सरळ पाहिजे. तिथे खोलगट बाक राहिला तर नाळ पाण्यात दाबली जाते, फुगवटा राहिला तर बोट वेगात नाचायला लागते. सरळ पट्टी लावून तपासायचं, डोळ्यावर विसंबायचं नाही. सपाट तळ लवकर वर येतो पण लाटेवर आपटतो, तळाला थोडा व्ही आकार दिला की आपटणं कमी होतं आणि पेट्रोल जरा जास्त लागतं. अलास्कातल्या होमर गावच्या रेन टॉलमन यांनी कॅचमॅक खाडीच्या थंड, उसळत्या पाण्यासाठी याच प्लाय-इपॉक्सी पद्धतीने व्ही तळाच्या मोटरबोटी काढल्या आणि लोकांनी त्या आपापल्या गॅरेजमध्ये बनवल्या.

राहिला तरंगण्याचा हिशोब. प्लायची बोट पाण्याने भरली तरी स्वतः बुडणार नाही, पण मागे २५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन म्हणजे ५० किलोच्या आसपास वजन लटकलेलं असतं, वर बॅटरी, टाकी, माणसं. १०० लिटर फोम स्वतःचं वजन वजा जाता जवळजवळ ९७ किलो उचलून धरतो. तो फक्त तळाच्या फळीखाली भरला तर भरलेली बोट उलटीच होऊन तरंगेल, म्हणून बराचसा फोम दोन्ही बाजूंना उंचावर आणि मागे इंजिनाच्या अगलबगल हवा. थर्माकोल भरू नये, पेट्रोल लागलं की विरघळतो. आणि पहिल्यांदा पाण्यात उतरवल्यावर, कमरेएवढ्या संथ पाण्यात, इंजिनाच्या जागी तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या पिशव्या बांधून बोट मुद्दाम काठोकाठ भरून बघावी. सरळ राहते का, मागची बाजू किती खाली जाते, ते बघून फोम वाढवायचा, आणि मगच इंजिन चढवायचं.