धावपट्टीची घर्षणमोजणी

उतरणाऱ्या विमानाच्या चाकांना धावपट्टीवर कितपत पकड मिळेल, हे आधी ठरवण्याची पद्धत. पाऊस, हिम, बर्फ किंवा साचलेल्या रबरामुळे पृष्ठभाग निसरडा झाला की ब्रेकचा परिणाम घटतो आणि थांबायला लागणारे अंतर वाढते.

मोजणीच्या वाहनाचे एक चाक मुद्दाम गाडीच्या वेगापेक्षा कमी गतीने फिरवले जाते. त्यावर येणारा घर्षणाचा जोर भागिले चाकावरील भार म्हणजे घर्षणगुणांक. देखभालीची मोजणी पृष्ठभागावर १ मिमी पाण्याचा थर सोडत ताशी ६५ आणि ९५ किमी वेगाने करतात. हिमाच्छादित धावपट्टीवर मात्र हा आकडा फसवा ठरतो, कारण गाडीचे हलके चाक चिखलासारख्या ओल्या हिमात जसे वागते तसे कित्येक टन भार पेलणारे, कितीतरी वेगाने धावणारे विमानाचे चाक वागत नाही; शिवाय दोन बनावटींची यंत्रे एकाच पट्टीवर वेगळे आकडे दाखवतात. ८ डिसेंबर २००५ रोजी शिकागोच्या मिडवे विमानतळावर एक विमान हिमवर्षावात धावपट्टी ओलांडून रस्त्यावर गेले. त्याआधी उतरलेल्या वैमानिकांचे ब्रेकविषयीचे अभिप्राय एकमेकांशी जुळत नव्हते. या अपघातानंतर अमेरिकेत मूल्यांकनाची पद्धत नव्याने आखण्यात आली.

नोव्हेंबर २०२१ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत निरीक्षक धावपट्टीच्या प्रत्येक तृतीयांशावर काय साचले आहे, किती खोल आहे आणि तापमान किती, हे पाहून ० ते ६ पैकी अंक देतो. कोरडी पट्टी ६, नुसती ओली ५, ३ मिमीपेक्षा खोल साचलेले पाणी २, बर्फ १ आणि ओला बर्फ ०. घट्ट दाबल्या गेलेल्या हिमाला उणे १५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली ४ मिळतात, त्याहून उबदार असेल तर ३. कडक थंडीतले हिम अधिक पकड देते, हे नवख्याला उलटेच वाटते. यंत्राचा आकडा आता केवळ पूरक पुरावा मानला जातो, आणि ते योग्यच आहे.

इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर हिम पडत नाही. तेथे हिवाळ्यात अडचण होते ती धुक्याची, म्हणजे दृश्यतेची. ब्रेकचा प्रश्न खरा पावसाळ्यातला. समजा, पूर्वेकडच्या तृतीयांशात ३ मिमीपेक्षा खोल पाणी साचले आणि बाकी पट्टी नुसती ओली राहिली, तर ०७ टोकापासून, म्हणजे पश्चिमेकडून, मोजलेला अहवाल ५/५/२ असा लिहिला जाईल. मात्र त्याच पट्टीच्या विरुद्ध, पूर्वेकडच्या २५ टोकाकडून उतरणाऱ्या वैमानिकाला नियंत्रण कक्ष तोच अहवाल उतरण्याच्या दिशेने, २/५/५ असा सांगेल, कारण त्याची चाके आधी त्या पाण्यालाच टेकणार असतात.