शुद्धलेखनाआधी निवेदन तपासा
(कथा-कादंबरीचं हस्तलिखित संपादनाला देणाऱ्या लेखकांसाठी)

“कथा तयार आहे, फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघून द्या,” असं सांगून हस्तलिखित येतं. आम्ही ते निवेदनाच्या, म्हणजे कथा कोणाच्या नजरेतून सांगितली आहे त्याच्या, शंका लिहून परत पाठवलं की लेखक नाराज होतात. दिवाळी अंकांच्या तोंडावर हे जास्तच घडतं, म्हणून आमची पद्धत इथे मांडतो.

बहुतेक कथा एकाच जागी अडतात. प्रसंग एका पात्राच्या नजरेतून चाललेला असतो आणि लेखक मध्येच दुसऱ्याच्या मनात शिरतो. नमुना पाहा:

“कडी वाजली तशी सुधाच्या छातीत धस्स झालं. दारात मोहन होता. आपण उगाच आलो असं त्याला वाटलं. पैसे कसे मागावेत, हे त्याला सुचेना.”

मोहन कशाला आला, हे सुधाच्या आधी वाचकाला कळलं. आता पुढची दोन पानं सुधा अंदाज बांधत बसते आणि वाचक कंटाळतो. हेच सुधाच्या नजरेतून:

“कडी वाजली तशी सुधाच्या छातीत धस्स झालं. दारात मोहन. चप्पल न काढता उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. पाणी नको म्हणाला, मग दोन पेले प्यायला.”

मोहनचा संकोच तसाच राहिला, फक्त तो आता सुधाला आणि वाचकाला एकदमच दिसतो.

घरी तपासायला सोपं आहे. एक प्रसंग छापून घ्या. वाटलं, आठवलं, जाणवलं, उमगलं, ठरवलं अशा प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढा आणि समासात ते कोणाचं, ते नाव लिहा. एका प्रसंगात दोन नावं आली की एक निवडा. ज्याला त्या प्रसंगात सर्वांत जास्त गमवायचं आहे, त्याची नजर सहसा बरी. सासू-सुनेच्या प्रसंगात तर “तिला वाटलं” म्हणजे नेमकं कोणाला, हेच कळत नाही. तिथे खास लक्ष द्या. प्रथमपुरुषी कथेत “माझा चेहरा पांढराफटक पडला” हीसुद्धा तीच चूक, कारण समोर आरसा नसतो.

“मोठे लेखक सर्वांच्या मनात शिरतात की!” हा आक्षेप ठरलेला. सर्वज्ञ निवेदक जरूर वापरा, पण तो पहिल्या परिच्छेदापासून तसा बोलला पाहिजे. सातव्या पानावर अचानक सर्वज्ञ झालेला निवेदक ही शैली नव्हे, नजरचूक आहे.

हे मिटल्याशिवाय आम्ही मुद्रितशोधन, म्हणजे शुद्धलेखनाची तपासणी, सुरू करत नाही. नजर बदलली की वाक्यं नाही, अख्खा प्रसंग नव्याने लिहावा लागतो. आधी तपासलेलं वाया जातं, पानं लावून झाली असतील तर पुढची सगळी सरकतात, आणि दोन्ही वेळचं शुल्क तुमच्याच बिलात येतं.

संवादांबद्दल एवढंच: “म्हणाला” पुरेसं असतं. “उद्गारला”, “गरजला” शक्यतो नकोत.

मजकूर यूनिकोडमध्ये पाठवा. जुन्या फॉन्टमधून बदलताना रफार आणि जोडाक्षरं तुटतात. प्रत्येक प्रसंगानंतर एक ओळ मोकळी सोडा. पूर्ण काम देण्याआधी पहिला प्रसंग, हजार शब्दांपर्यंत, आम्ही विनाशुल्क तपासून देतो. दुरुस्त्या पाहून मग बाकीचं द्यायचं की नाही ते ठरवा.