शॉर्ट सर्किट आणि रोधक

रोधकाची दोन्ही टोके जवळजवळ शून्य रोधाच्या तारेने एकमेकांना जोडली गेली, की तो रोधक ‘शॉर्ट’ झाला असे म्हणतात. टोकांमध्ये विभवांतरच उरत नाही, त्यामुळे ओहमच्या नियमानुसार त्यातून प्रवाहही वाहत नाही. गणित करताना असा रोधक आकृतीतून सरळ खोडून टाकावा. तार मात्र ठेवावी.

‘प्रवाह सोपी वाट धरतो’ हे नेहमीचे स्पष्टीकरण अर्धवट आहे. समांतर वाटांपैकी प्रत्येकीतून प्रवाह जातो, फक्त तो रोधाच्या व्यस्त प्रमाणात वाटला जातो. ६०० ओहमच्या रोधकाला ०.०२ ओहमची तार समांतर असेल आणि एकूण प्रवाह ३० मिलिअँपिअर असेल, तर रोधकाच्या वाट्याला सुमारे १ मायक्रोअँपिअर येतो. हा आकडा शून्य धरायला हरकत नसते.

शॉर्ट झालेल्या रोधकाला काहीच होत नाही. भोगावे लागते ते त्याच्याशी एकसर जोडलेल्या रोधकाला. समजा, १२ व्होल्टच्या बॅटरीला ४०० ओहमचा रोधक आणि त्याच्यापुढे ६०० व १२०० ओहमची समांतर जोडी आहे. जोडीचा रोध ४०० ओहम, एकूण ८०० ओहम, प्रवाह १५ मिलिअँपिअर. पहिल्या रोधकात ०.०९ वॅट उष्णता होते. आता ६०० ओहमच्या दोन टोकांवर तार टाकली. १२०० ओहमची टोकेही तीच, म्हणून दोन्ही रोधक एकदमच बाद होतात. उरतात ४०० ओहम. प्रवाह दुप्पट म्हणजे ३० मिलिअँपिअर, पण उष्णता चौपट, ०.३६ वॅट. पाव वॅटचा रोधक इथे क्षमतेबाहेर तापतो आणि काळा पडू लागतो. बोर्डवर जळलेला रोधक दिसला की तो नुसता बदलू नये, आधी त्याच्या पुढे शॉर्ट शोधावा.

आकृतीत शॉर्ट ओळखायची खात्रीची रीत म्हणजे नोडना (घटक जिथे जोडले जातात त्या बिंदूंना) अक्षरे देणे. नुसत्या तारेने जोडलेल्या सगळ्या बिंदूंना एकच अक्षर द्यायचे. रोधकाच्या दोन्ही टोकांना तेच अक्षर आले तरच तो शॉर्ट. विद्यार्थी हमखास फसतात ते पुढच्या प्रश्नात: अ, ब, क, ड या बिंदूंमध्ये ओळीने ६०० ओहमचे तीन रोधक, एक तार अ ते क, दुसरी ब ते ड. पहिली तार दोन रोधकांवरून जाते म्हणून ते गेले, असे वाटते. पण क ला अ म्हटले आणि ड ला ब, तर तिन्ही रोधक अ आणि ब यांच्यामध्येच येतात. एकही शॉर्ट नाही. तिन्ही समांतर, रोध २०० ओहम.

तार थेट स्रोताच्या टोकांवर पडली, तर आदर्श गणित मोडते: १२ भागिले शून्य. खऱ्या बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०५ ओहम धरला तर प्रवाह २४० अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. प्रयोगशाळेत ॲमीटर चुकून समांतर जोडल्यावर हेच घडते, कारण त्याचा स्वतःचा रोध अगदी कमी असतो.

मल्टिमीटरने तपासताना आधी पुरवठा बंद करावा, कपॅसिटर रिकामे होऊ द्यावेत. रोधकावर जवळपास शून्य दिसले तर त्याचा एक पाय सोडवून पुन्हा मोजावे. मूळ किंमत परत आली, तर दोष रोधकात नाही, त्याला समांतर असलेल्या वाटेत आहे. बरेचदा तो सोल्डरचा बारीक पूल निघतो.