फाईल काकूंच्या हातात

प्रोस्टेटला वर्तमानपत्री मराठीत 'पौरुषग्रंथी' म्हणतात. हा शब्द ज्याने रूढ केला त्याच्या मनात वाईट काही नसणार, पण पुढच्या कित्येक पुरुषांच्या जिवाला त्याने घोर लावून ठेवला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ अगदी साधा आहे, 'पुढे उभा असलेला'. मूत्राशयाच्या तोंडाशी अक्रोडाएवढी ग्रंथी, म्हणून ते नाव. कोशवाल्यांनी त्याचं 'पुरःस्थ ग्रंथी' असं सरळ रूपांतर केलंही, पण ते कोणाच्या तोंडी बसलं नाही. तोंडी बसला तो पौरुषाचा शब्द, आणि ग्रंथी काढली की पौरुष गेलं हा हिशेब नावातच मांडून झाला.

खरं तर या ग्रंथीचं काम वीर्यातला काही द्रव तयार करण्याचं. इच्छा आणि लिंगाची ताठरता यांची यंत्रणा वेगळी आहे: मज्जातंतू, रक्तवाहिन्या आणि वृषणांतून येणारं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हॉर्मोन. घोळ शेजाराचा आहे. ते मज्जातंतू ग्रंथीला अगदी चिकटून जातात, आणि तिथला कर्करोग त्याच टेस्टोस्टेरॉनवर पोसतो. म्हणून रोगावर घाव घालायला गेलं की शेजाऱ्याला लागतं. उपचारांचा सव्वाशे वर्षांचा इतिहास म्हणजे हा घाव चुकवण्याची धडपड.

पुण्यात हा आजार काही अपवादाचा नाही. इथे कर्करोगाची लोकसंख्येवर आधारित नोंदणी १९७०च्या दशकातच सुरू झाली. देशभरातल्या अशा नोंदींवर दहाएक वर्षांपूर्वी जो आढावा निघाला, त्यात दिल्ली, कोलकाता, पुणे आणि तिरुवनंतपुरम या शहरांत पुरुषांच्या कर्करोगांमध्ये प्रोस्टेटचा क्रमांक दुसरा होता. पेन्शनरांचं शहर म्हणून आपण चेष्टा करतो, पण हा उतारवयाचाच आजार आहे. माणसं जास्त जगतात तेव्हा तो जास्त दिसतो. शिवाय मुलगा न्यू जर्सीहून बाबांच्या नावाने हेल्थ चेकअपचं पॅकेज बुक करतो, त्यात पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी असतेच, आणि तिचा आकडा वाढलेला आला की बायोप्सीपासून सगळं सुरू होतं.

कोथरूडच्या माझ्या एका नातलगांचं असंच झालं. त्यांना काका म्हणू. ओपीडीत मी त्यांच्याबरोबर दोन-तीनदा बसलो आहे. काका रिकाम्या हाताने बसायचे. फाईल, एमआरआयची भली मोठी पिशवी, पाण्याची बाटली, डब्यात चिरलेलं सफरचंद हे सगळं काकूंकडे. आत गेल्यावर डॉक्टर विचारणार काकांना आणि उत्तर देणार काकू. तारखा, गोळ्यांची नावं, रात्री किती वेळा उठतात, सगळं त्यांना पाठ. पण हे सगळं ज्या बाईला पाठ होतं, तिला स्वतःबद्दल एकही प्रश्न कोणी विचारला नाही. हे त्या एका रुग्णालयापुरतं नाही, उपचारांच्या इतिहासातही बायकोची पाळी सगळ्यात शेवटी आली.

सुरुवातीला प्रश्न एकच होता: माणूस वाचतो का? एप्रिल १९०४ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्पटन यंग यांनी कर्करोगाची आख्खी ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया केली. मदतीला होते खुद्द त्यांचे गुरू हॉल्स्टेड. पुढची पाऊणशे वर्षं या शस्त्रक्रियेने माणूस वाचला तरी ताठरता जाणार हे जवळपास ठरलेलं असे, आणि लघवीवरचा ताबा गेलेलेही पुष्कळ. त्याबद्दल कोणी फार बोलत नसे. जिवावरचं शेपटावर निभावलं, असं म्हणून सोडून देत.

१९४१ मध्ये शिकागोत चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवलं की वृषणं काढली किंवा इस्ट्रोजेन हे स्त्री-हॉर्मोन दिलं की पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोगसुद्धा मागे हटतो. हगिन्स यांना त्यासाठी १९६६चं नोबेल मिळालं. पुढे तेच काम इंजेक्शनने होऊ लागलं. तरी आपल्याकडे एकदाच खर्च आणि विषय संपला म्हणून वृषणं काढून टाकण्याचा मार्ग अजूनही पुष्कळ घरं निवडतात. दर तीन महिन्यांनी महागडं इंजेक्शन घेणं प्रत्येकाला परवडत नाही. निर्णय पैशाचा असतो, पण घरात तो पैशाचा म्हणून राहत नाही.

या इतिहासातला माझ्या मते सगळ्यात सुंदर प्रसंग फेब्रुवारी १९८१चा आहे, हॉलंडमधल्या लायडनचा. जॉन्स हॉपकिन्सचेच पॅट्रिक वॉल्श एका परिषदेसाठी तिथे गेले होते. तिथले निवृत्त प्राध्यापक पीटर डोंकर मूत्राशयाच्या मज्जातंतूंचा माग काढत होते, आणि तोही मृत जन्मलेल्या बाळाच्या शरीरात, कारण मोठ्या माणसाच्या शवात हे बारीक धागे चरबीत आणि इतर ऊतींत हरवून जातात. वॉल्श यांनी विचारलं, ताठरतेचे मज्जातंतू कुठून जातात? डोंकर यांनी ते कधी शोधले नव्हते. दोघं कामाला लागले आणि काही तासांत ते धागे हाती लागले. ते ग्रंथीच्या आतून जातच नव्हते. दोन्ही बाजूंनी, ग्रंथीच्या आवरणाबाहेरून जात होते! म्हणजे ग्रंथी काढूनही ते राखता येणार होते, फक्त ते तिथे आहेत हे ठाऊक असायला हवं होतं. २६ एप्रिल १९८२ रोजी वॉल्श यांनी ५२ वर्षांच्या एका प्राध्यापकावर हे मज्जातंतू जाणूनबुजून वाचवत शस्त्रक्रिया केली, आणि वर्षभरात त्या गृहस्थांची ताठरता परत आली.

यात एक मेख आहे, आणि ती ओपीडीत नेहमी सांगितली जातेच असं नाही. गाठ मज्जातंतूला खेटून असेल तर त्या बाजूचा तंतू सोडावा लागतो. आणि वाचवलेले तंतूही शस्त्रक्रियेत ओढले-ताणले गेल्याने सुन्न पडतात. त्यांना जागं व्हायला दीड-दोन वर्षंही लागतात. आता पुण्यातल्या काही रुग्णालयांत रोबोने ही शस्त्रक्रिया होते. छेद लहान, रक्त कमी जातं, माणूस लवकर घरी येतो. पण 'रोबोने केलं की काहीच होत नाही' हे जे कट्ट्यावर ऐकू येतं, ते खरं नाही. मज्जातंतूला हात माणसाचा लागला की यंत्राचा, हे कळत नाही.

मधल्या काळात एक विचित्र प्रसंग घडला, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८३ मध्ये लास व्हेगासला मूत्रविकारतज्ज्ञांच्या परिषदेत जाइल्स ब्रिंडली नावाचे ब्रिटिश शास्त्रज्ञ बोलायला उभे राहिले. लिंगात औषध टोचून ताठरता आणता येते, तिला मनातल्या कल्पनेची गरज लागत नाही, असा त्यांचा दावा. पुरावा म्हणून ते हॉटेलच्या खोलीत स्वतःलाच इंजेक्शन देऊन आले होते, आणि भर सभेत त्यांनी पँट खाली केली. संध्याकाळची वेळ, त्यानंतर मेजवानी, म्हणून कित्येक डॉक्टरांच्या बायका नटूनथटून सभागृहात बसलेल्या. त्यांच्यातल्या काही किंचाळल्या असं तिथे हजर असलेल्या एका डॉक्टरने नंतर लिहून ठेवलं आहे. लैंगिक पुनर्वसनाच्या इतिहासात इथे बायका हजर दिसतात, पण त्याही जेवणाची वाट पाहणाऱ्या म्हणून.

२७ मार्च १९९८ला अमेरिकेत सिल्डेनाफिलला, म्हणजे व्हायग्राला, मान्यता मिळाली. हृदयाच्या दुखण्यासाठी शोधताना हाती लागलेलं औषध. काही वर्षांत भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या गल्लीतल्या मेडिकलपर्यंत आल्या. ही गोळी मज्जातंतूकडून येणारा निरोप मोठा करते. निरोपच येत नसेल तर ती काय मोठं करणार? म्हणून ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यांत गोळी 'चालली नाही' की माणूस खचतो, आणि बायकोला वाटतं की आपल्यातच काही उरलं नाही. आणखी एक गोष्ट: छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर ही गोळी मुळीच घ्यायची नाही, रक्तदाब धोकादायक उतरतो. आपल्याकडे मित्राच्या सांगण्यावरून गोळी आणणारे कमी नाहीत, म्हणून लिहिलं.

गोळीच्याही चार वर्षं आधी, १९९४ मध्ये, अमेरिकेत रुग्ण आणि त्यांच्या बायका अशा दोघांनाही विचारून केलेला एक अभ्यास छापून आला. मानसिक ताण बायकांचा जास्त निघाला. यंग यांच्या शस्त्रक्रियेला तोवर नव्वद वर्षं झाली होती. २००७ मध्ये मिशिगनच्या एका गटाने नर्सला जोडप्याच्या घरी पाठवून दोघांशी एकत्र बोलण्याचा प्रयोग केला. त्याचाही फायदा बायकांना जास्त झाला, आणि काही बाबतींत वर्षभर टिकला. औषध नाही, यंत्र नाही, कोणीतरी घरी येऊन 'तुमचं कसं चाललंय' असं दोघांना विचारलं, इतकंच.

आपल्याकडे हे विचारायला शब्दच अपुरे पडतात. नाही म्हणायला मराठीत याची सुरुवात फार आधी झाली होती. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षं 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून. त्यांची बाजू कोर्टात डॉ. आंबेडकरांनी मांडली, तरी दंड झालाच. पुण्यात रस्ता आहे तो वडिलांच्या नावाचा. मुलाने घडवलेली भाषा मात्र ओपीडीपर्यंत पोचली नाही. तिथे अजून 'संबंध', 'ते', 'तसलं काही' याच शब्दांवर भागवावं लागतं. काकांनी एकदा धीर करून विचारलं होतं, "डॉक्टर, ते... परत नॉर्मल होईल ना?" डॉक्टरांनी हसून, अगदी आपुलकीने, उलट विचारलं, "आता या वयात काय करायचंय काका?" काकाही हसले. काकू फाईलचे बंद बांधत होत्या.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले महिने मात्र 'ते' लांबच राहतं, लघवीच सगळं व्यापते. आठ-दहा दिवसांनी नळी निघते, आणि मग खोकलं, शिंकलं, खुर्चीतून उठलं की थेंब. काका पॅड आणायला आपल्या मेडिकलमध्ये जात नसत. डहाणूकर कॉलनीतलं सोडून थेट डेक्कनला जायचे, काळी पिशवी मागायचे. बालगंधर्वला नाटकाला कडेची खुर्ची. तळजाईला फिरायला जाताना वाटेत स्वच्छतागृह कुठे कुठे आहे याचा नकाशा डोक्यात. बहुतेकांचं हे काही महिन्यांत ते वर्षभरात बरंच आवरतं, पण तेवढ्या काळात माणूस घरात बसायला शिकतो.

त्यावरचा व्यायाम बायकांकडून आला आहे. १९४८ मध्ये अर्नोल्ड केगल यांनी तो बाळंतपणानंतर लघवी न आवरणाऱ्या स्त्रियांसाठी मांडला. पुण्यात तो समजावणं तसं सोपं, कारण योगवर्गाला जाणाऱ्याला मूलबंध ठाऊक असतो. लघवी मधेच थांबवताना जो स्नायू आवळला जातो, तोच आवळून सोडायचा. तो कुठला हे एकदा ओळखलं की मग रोजचा सराव लघवी करताना करायचा नाही. फिजिओथेरपिस्टने काकांना समजावलं तेव्हा काकू पटकन म्हणाल्या, "अहो, हे मला धाकटीच्या वेळी शिकवलं होतं." घरी मास्तर त्याच झाल्या.

काकांना पुढे काही महिने हॉर्मोनचं इंजेक्शनही लागलं. टेस्टोस्टेरॉन तोडलं की नुसती ताठरता नाही, इच्छाच ओसरते. वजन वाढतं, हाडं ठिसूळ होऊ लागतात, रडू येतं, आणि अंगातून गरम वाफा निघतात. डिसेंबरात काका पंखा लावून बसलेले, तेव्हा काकू म्हणाल्या, "मला पन्नाशीत झालं तेच यांना सत्तरीत होतंय. माझ्या वेळी हे म्हणायचे, तुझं काहीतरीच." काका काही बोलले नाहीत. पंखा मात्र एकने कमी केला.

कोणता उपचार घ्यावा याची तुलना करणारा ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास २०१६ला आला. ग्रंथीपुरता मर्यादित कर्करोग असलेल्यांत शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि नुसतं लक्ष ठेवणं या तिन्ही गटांत दहा वर्षांनी या कर्करोगाने दगावलेले जेमतेम शंभरात एक. लघवीची गळती आणि ताठरता यांत सर्वांत जास्त फटका शस्त्रक्रियेचा. म्हणजे अशा रुग्णांपुरता तरी 'वाचतो का' हा प्रश्न मागे पडून 'कसं जगायचं' हा पुढे आला. पण आपल्याकडे अनेक जण मुळात रोग पसरल्यावर येतात, त्यांच्यापुढे निवडीला फारसा वाव नसतो.

निवड असो नसो, स्पर्शाचा प्रश्न उरतोच. १९७०च्या सुमारास अमेरिकेत मास्टर्स आणि जॉन्सन यांनी जोडप्यांसाठी एक पद्धत आखली: संबंधाचा विचार काही आठवडे बाजूलाच ठेवायचा, नुसता एकमेकांना हात लावायचा, कशाचीही परीक्षा नाही. प्रोस्टेटनंतरच्या समुपदेशनात तीच आजही कामाला येते. ताठरतेशिवायही परमसुख येऊ शकतं आणि ग्रंथी गेल्यावर वीर्य येत नाही, ही दोन वाक्यं तरी ऑपरेशनच्या आधी दोघांना समोर बसवून सांगायला हवीत. काकांना दुसरं कळलं ते प्रत्यक्षात, आणि ते घाबरून गेले.

गळती सुरू झाली तेव्हा काका रात्री हॉलमधल्या दिवाणावर झोपायला गेले होते. गादी खराब होईल, तुझी झोपमोड होईल, अशी कारणं. काकूंनी आठ महिने ऐकून घेतलं. मग एका रविवारी त्यांनी आतल्या पलंगावर रबरी शीट घातलं, वर जुनी सुती चादर, आणि दिवाणावर वर्षाची रद्दी आणून रचली. आता रद्दीवाला येतो तेव्हा काका त्याला 'पुढच्या महिन्यात ये' म्हणून परत पाठवतात.