सुजलेले अंग आणि कोरड्या पडलेल्या रक्तवाहिन्या

ठाण्यातील एका रुग्णालयात माझे काका रक्तातील जंतुसंसर्गामुळे अतिदक्षता विभागात होते, तेव्हा काकूंनी विचारले, "अहो सिस्टर, ह्यांचं अंग एवढं सुजलंय, मग अजून सलाईन कशाला?" सिस्टरांनी काकांच्या नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून धरला. तो उचलल्यावर पडलेला खळगा बराच वेळ भरला नाही. "हे पाणी रक्तवाहिनीच्या बाहेर साचलंय, काकू. आत मात्र कमी पडतंय."

सूज म्हणजे अंगात पाणी जास्त झाले, ही आपली सरसकट समजूत त्या एका वाक्याने मोडली.

इंग्लंडमधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये यामागची ओढाताण मांडली. केशवाहिन्यांमधील, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांमधील, रक्ताचा दाब पाण्याला बाहेर ढकलतो, तर अल्ब्युमिनसारखी प्रथिने भिंतीतून सहज पार होत नसल्यामुळे पाण्याला आत धरून ठेवतात. बाहेर गेलेले बहुतेक पाणी केशवाहिनीच्या दुसऱ्या टोकाशी पुन्हा आत येते, असे पूर्वी शिकवले जाई. आता मात्र असे दिसते की बहुतेक ऊतींमध्ये ते लसिकावाहिन्यांच्या (लिम्फ वाहून नेणाऱ्या नलिकांच्या) आडवाटेने रक्तात परतते. याहून विलक्षण आहे तो भिंतीला आतून असलेला ग्लायकोकॅलिक्स हा शर्करा व प्रथिनांचा अतिशय पातळ, लवदार थर, कारण अल्ब्युमिनला अडवण्याचे काम मोठ्या प्रमाणात तोच करतो. जंतुसंसर्गाच्या तीव्र दाहात हा थर झडतो, पेशींमधील फटी रुंदावतात, अल्ब्युमिन बाहेर निसटते आणि जे पाणी ते आत धरून ठेवत होते, त्यालाच आता बाहेर ओढू लागते. अशा वेळी अंग फुगत असतानाच मूत्रपिंडांना रक्त अपुरे पडते. दिलेल्या सलाईनचाही बराचसा भाग बाहेरच झिरपतो, म्हणून ते रक्तदाब आणि लघवी पाहून मोजूनमापून द्यावे लागते. 'सलाईन लावले की ताकद येते' हा समज म्हणूनच निराधार आहे, ते ०.९ टक्के मिठाचे पाणी आहे.

हृदय कमकुवत झाल्याने आलेल्या सुजेत मात्र शिरांमधील दाब वाढलेला असतो आणि तेथे पाणी खरोखरच कमी करावे लागते. दिसायला खळगा तोच, उपचार उलट.

हा फरक ओळखण्यासाठी लागणारी माहिती चोवीस तास गोळा करतात त्या सिस्टरच. झोपून असलेल्या रुग्णाचे पाणी घोट्यात नव्हे तर कमरेखाली माकडहाडापाशी उतरते, म्हणून त्या रुग्णाला कुशीवर वळवून तेथे दाबून पाहतात. खळगा दिसण्यापूर्वी दोन-तीन लिटर पाणी साचलेले असू शकते. परंतु एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे रोज ठराविक वेळी केलेले वजन बोटाच्या आधी बोलते. लघवी दर तासाला मोजतात: ६० किलोच्या माणसाला ताशी निदान ३० मिलिलिटर हवी. ताणलेली कातडी चटकन फाटते, म्हणून चिकटपट्टी हलक्या हाताने काढायची, बोटावरील ऑक्सिजनच्या चिमट्याची जागा बदलायची, कूस बदलत राहायची. काकांची अंगठी त्यांनी पहिल्याच दिवशी साबण लावून उतरवून काकूंच्या हाती दिली होती.

भेटायला आलेल्या एका नातेवाइकांनी गरम तेलाने पाय चोळण्याचा आग्रह धरला, तो सिस्टरांनी ठामपणे नाकारला. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पायात रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकण्याचा धोका असतो.

सहाव्या दिवशी तक्त्यावर पाण्याची जावक प्रथमच आवकेपेक्षा जास्त भरली. भिंती सावरल्या होत्या, आणि लसिकेच्या वाटेने परतलेले पाणी आता लघवीच्या पिशवीत उतरत होते.